सेवेचा परवाना : भारतात स्वयंसेवेसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांच्या व्हिसा-नियमांचा मागोवा

परदेशी माणसाने भारतात येऊन विनामोबदला काम करावे की नाही, हा प्रश्न ब्रिटिश अमदानीत कायद्यापुढे स्वतंत्रपणे कधी उभाच राहिला नाही. देशात शिरणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी 1920 चा पासपोर्टविषयक कायदा होता, आणि आत आलेल्याने कोठे राहावे, काय करू नये व केव्हा निघून जावे हे ठरवण्याचा जवळजवळ अनिर्बंध अधिकार 1946 च्या विदेशी व्यक्ती अधिनियमाने सरकारला दिला. मात्र सेवा, नोकरी आणि धर्मप्रसार यांत भेद करण्याची गरज या दोन्ही कायद्यांना वाटली नव्हती. 1920 मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही श्रमदानाची आंतरराष्ट्रीय चळवळ सुरू करणारे स्विस शांततावादी अभियंते पियर सेरेसोल 1934 च्या बिहार भूकंपानंतर गावे पुन्हा वसवण्यासाठी सहकाऱ्यांसह आले, आणि स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात, याच चळवळीतील तरुणांनी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांच्या कुष्ठरुग्णांबरोबर बांधकामावर घाम गाळला. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत असत त्या काळात या परक्या हातांचे मोल केवळ श्रमापुरते नव्हते.

कायद्याची नजर बदलली ती धर्मांतराच्या वादामुळे. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी त्या वेळी नागपूर होती, 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली, आणि तिच्या 1956 च्या अहवालाने धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट आहे अशा मिशनऱ्यांना परत पाठवण्याची शिफारस केली. तेव्हापासून शाळा, दवाखाना वा शेती यांत राबणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाच्या मुदतवाढीच्या अर्जावर, म्हणजे व्हिसाची मुदत संपताना पुढील वास्तव्यासाठी केलेल्या विनंतीवर, त्याच्या हेतूविषयीच्या संशयाची छाया पडू लागली.

याच सुमारास दुसरा एक मार्ग मात्र सताड उघडा होता, तो दोन सरकारांमधील कराराचा. 1961 मध्ये अमेरिकेने स्थापलेल्या ‘पीस कोअर’चे पहिले पथक त्याच वर्षाच्या अखेरीस पंजाबात दाखल झाले, आणि 1976 मध्ये हा कार्यक्रम भारतातून उठेपर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येथे राबून गेले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर त्यांपैकीच एक होत. व्यवसायाने परिचारिका असलेल्या या बाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 1966 मध्ये, मुंबईजवळच्या विक्रोळीत आल्या आणि तेथील गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाच्या व दवाखान्याच्या कामात रमल्या. अशा स्वयंसेवकाला परवान्यासाठी एकट्याने झगडावे लागत नव्हते, कारण त्याच्या पाठीशी त्याचे सरकार उभे असे. पण ही सोय मैत्रीवर अवलंबून असल्यामुळे 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धाने भारत व अमेरिका यांचे संबंध ताणले गेल्यावर तिचाही आधार खचला.

ज्याच्या पाठीशी कोणतेही सरकार नव्हते त्याचे काय होत असे, याचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मनमाडचे आहे. स्पॅनिश जेझुइट पाद्री फादर व्हिन्सेंट फेरर 1952 मध्ये भारतात आले, आणि मनमाडच्या अवर्षणग्रस्त परिसरात त्यांनी उपदेशाऐवजी विहिरी हाती घेतल्या : शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात विहीर खणावी आणि ती खणताना त्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून फेरर यांच्या संस्थेने त्याला गहू आणि तेल द्यावे, अशी ती साधी व्यवस्था होती. ज्याच्याजवळ गहाण ठेवायला काही उरलेले नव्हते अशा कोरडवाहू शेतकऱ्याला या व्यवस्थेत सावकाराकडे न जाता पाणी मिळू लागले आणि फेरर यांचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले. त्याबरोबर विरोधही वाढला, आणि अखेर त्यांना देश सोडण्याचा आदेश मिळाला. तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले, आणि प्रकरण थेट पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापर्यंत पोहोचले. फेरर यांनी 1968 मध्ये काही काळासाठी स्पेनला जावे आणि मग परत यावे, असा तोडगा निघाला. 1969 मध्ये ते परतलेही, पण महाराष्ट्रात नव्हे, तर आंध्र प्रदेशातील अनंतपूर या तितक्याच कोरड्या जिल्ह्यात. तेथे त्यांनी ‘रुरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’ उभारला आणि 2009 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. मनमाडने जे गमावले ते अनंतपूरच्या पदरात पडले, हे या प्रकरणाचे खरे फलित होय. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्यांच्या शेतात विहिरी झाल्या त्यांना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते, कारण मुदतवाढीच्या प्रक्रियेत त्यांची साक्ष घेण्याची तरतूदच नव्हती.

पुढील दोन दशकांत नियम आवळत गेले ते सुरक्षेच्या कारणांनी. पंजाबातील परिस्थिती चिघळल्यावर 1984 पासून ब्रिटन व कॅनडासारख्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही व्हिसा बंधनकारक झाला. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याने चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे, आणि त्याला आसरा देणाऱ्याने, मग ते हॉटेल असो वा खेड्यातील आश्रम, चोवीस तासांत ‘फॉर्म सी’ भरावा, असा दंडक रुळला.

स्वयंसेवकाची सर्वांत मोठी कोंडी झाली ती 2010 च्या सुमारास. परदेशी कामगारांनी भारतीयांच्या नोकऱ्या घेऊ नयेत म्हणून रोजगार व्हिसासाठी, म्हणजे भारतात नोकरी करण्याच्या परवान्यासाठी, वार्षिक 25,000 अमेरिकी डॉलर इतक्या किमान वेतनाची अट घालण्यात आली. हेतू रास्त होता, तथापि पगारच न घेणाऱ्या माणसाला ती पार करणे अशक्य होते. म्हणून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेत मानद काम करणाऱ्याला अपवाद देण्यात आला : त्याला रोजगार व्हिसाच मिळे, मानधनावर दरमहा 10,000 रुपयांची कमाल मर्यादा असे, आणि व्हिसावर तो कोणत्या संस्थेत व कोणत्या ठिकाणी काम करणार याची खास नोंद होई. अशा रीतीने बिनपगारी सेवकाची गणना कायद्याच्या दृष्टीने कर्मचाऱ्यांत झाली, आणि पासपोर्टवरील त्या एका ओळीमुळे त्याचे काम एका संस्थेशी व एका गावाशी बांधले गेले.

ई-पर्यटक व्हिसाच्या विस्तारानंतर आणखी एक वाट निघाली. पर्यटक म्हणून आलेल्यास जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवा करण्याची मुभा मिळाली. ही सवलत स्वागतार्ह असली तरी शाळेतील मुलाची भाषा कळायला किंवा रुग्णाचा विश्वास बसायला महिना पुरत नाही, आणि त्यामुळे तिचा लाभ गावापेक्षा पाहुण्याच्याच पदरी अधिक पडतो. नागरिकत्व कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने रूढ झालेल्या परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) कार्डामुळे अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये वाढलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना हे अडथळे फारसे जाणवत नाहीत. मात्र मिशनरी किंवा तबलिगी कार्यासाठी 2021 पासून त्यांनाही विशेष परवानगी लागते.

1 सप्टेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या इमिग्रेशन व विदेशी व्यक्ती कायद्याने 1920, 1939, 1946 आणि 2000 चे चार कायदे रद्द करून त्यांच्या तरतुदी एकत्र आणल्या. प्रवेश, नोंदणी, वास्तव्य आणि हकालपट्टी यांचे अधिकार त्यात अधिक सुसूत्र झाले आहेत, परंतु स्वयंसेवकासाठी स्वतंत्र वर्ग त्यात नाही, आणि ज्या गावात तो काम करतो त्या गावाच्या ग्रामसभेचे मत मुदतवाढीपूर्वी विचारावे, अशीही तरतूद नाही.