अजगर रुसतो का?

मागच्या डिसेंबरात शहापूरच्या व्याख्यानानंतर मुरबाडच्या एका तरुणाने मला गाठलं. त्याच्याकडे बॉल पायथन आहे. म्हणाला, ‘सर, तीन आठवडे झाले, काही खात नाही. माझ्यावर रुसलाय का?’ हसू नका. दुसऱ्या जिवाचं मन आपण नेहमी स्वतःवरूनच ओळखायला जातो.

हा पश्चिम आफ्रिकेतला लहान अजगर. भ्यायला की अंगाचा चेंडू करतो, त्यावरून नाव पडलं. सापाला ऊब बाहेरून घ्यावी लागते, उबेशिवाय अन्न पचत नाही. म्हणून पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसरी २५ ते २७, आणि दोन्हीकडे अंगाला घट्ट बसेल असा आडोसा हवा. पाण्याचं भांडं कायम भरलेलं. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. मे महिन्यात मात्र आपल्याकडे पेटी थंड कशी ठेवायची हा प्रश्न असतो. खिडकीच्या उन्हात ती ठेवू नका. पावसाळ्यात पेटीत हवा खेळली नाही, तर कातडीचे आणि श्वासाचे आजार होतात.

आता खाणं. पूर्ण वाढलेल्या सापाला दोन ते चार आठवड्यांतून एकदा, त्याच्या अंगाच्या जाडीएवढा एक उंदीर पुरतो. तो मेलेला द्यावा. जिवंत उंदीर सापालाच चावतो. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो गिळलेलं ओकतो. कात टाकण्याआधी, थंडीत, विणीच्या काळात तो आपणहून उपास धरतो. वजन टिकून असेल तर घाबरू नये. वजन घटलं किंवा तोंडाशी फेस दिसला, तर पशुवैद्य गाठायचा.

कायदाही ऐका. हा साप ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहे. २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्या भातखाचरातला अजगर तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे; तो पाळणं गुन्हा. दिसला तर १९२६ला फोन करा, वनविभागाला कळवा.

त्या तरुणाला मी एवढंच म्हटलं, ‘रुसवा राहू दे, आधी थर्मामीटर बघ.’ दोन दिवसांनी त्याचा फोन आला. उबेची बाजू २४ अंशांवर होती.