छोट्या विमानाची दमछाक

वैमानिक प्रशिक्षणात सर्रास दिसणाऱ्या 'सेस्ना १७२ एस' या विमानाची कमाल उंची कागदोपत्री १४,००० फूट आहे. तिथे पोहोचताच विमान कोसळते असे मुळीच नाही. फक्त चढण्याचा वेग मिनिटाला जेमतेम १०० फुटांवर येतो. समुद्रसपाटीला तोच ७३० फूट असतो.

कारण विरळ हवा. इंजिनाला ज्वलनासाठी ऑक्सिजन कमी मिळतो, पंख्याच्या पात्यांना मागे ढकलायला हवा कमी पडते आणि पंखांची उचलही घटते. वैमानिक लाल मुठीचा दांडा हळूहळू मागे ओढून इंधन कमी करतो, मिश्रणाचे प्रमाण सांभाळतो. गेलेली ताकद मात्र त्याने परत येत नाही. त्यासाठी हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर लागतो.

खरी कसोटी अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील लेडव्हिल विमानतळावर लागते. त्याची धावपट्टीच ९,९३४ फुटांवर आहे. तिथे इंजिनाच्या १८० अश्वशक्तीपैकी सव्वाशेच्या आसपास उरतात. त्यात उन्हाळ्यातली दुपार, पारा २२ अंशांवर: तापलेली हवा आणखी विरळ होते आणि विमान जमिनीवरच १३,००० फुटांवर असल्यासारखे वागते. धावपट्टी संपत येते तरी चाके सुटायला तयार नसतात. शेजारचे माउंट एल्बर्ट तर १४,४०० फुटांहून उंच. अशा ठिकाणी पहाटेच्या गारव्यात, कमी वजन घेऊन निघणे हेच शहाणपणाचे.

माणसाचीही मर्यादा आहेच. अमेरिकी नियमांनुसार केबिनमधील दाब १२,५०० फुटांपलीकडचा असेल, तर अर्ध्या तासानंतर वैमानिकाला ऑक्सिजन घ्यावाच लागतो.