फिरत्या संडासाच्या टाकीचा वास : शोध आणि उपाय



आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडला येते आणि पुढे पाटस, रोटी घाट या मार्गाने उंडवडी गवळ्याची गाठते. त्या एका रात्रीत गावाला शहराची गर्दी होते. या गर्दीची सोय व्हावी म्हणून 2015 सालापासून ‘निर्मल वारी’च्या नावाने मुक्कामाच्या गावांतून फिरते संडास उभे राहू लागले. चांगली गोष्ट झाली. पण गाडी जुनी असली आणि टाकीला वास सुटला, की आयाबाया दारापर्यंत येतात, नाकाला पदर लावतात आणि माघारी फिरतात. मग दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि अंधाराची वाट पाहायची. उन्हातून चालणाऱ्या बाईने पाणी तोडले, की दुखणे आलेच. तेव्हा हा वास नुसता नाकाचा प्रश्न नाही.

वास आला की आपण काय करतो? फिनेलची बाटली उपडी करतो. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! टाकीत मैला साठला म्हणजे तिथे वायू होणारच. तो खोलीत शिरता कामा नये, वरच्या नळीने आकाशात गेला पाहिजे. म्हणून विचारायचे ते एवढेच, की वायू कोणत्या वाटेने आत येतो आहे?

आधी वास ओळखा. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास असेल, तर तो बहुधा लघवीचा. तो टाकीतून येत नाही. लादीच्या सांध्यांत, भांड्याच्या कडेखाली मुरलेला असतो. तिथे घासूनपुसून काम भागते. सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर मात्र तो टाकीचाच समजावा. मग पुढील चार जागा ओळीने तपासाव्यात.

पहिली जागा भांड्याखालची वाकडी नळी. तिच्या बाकात पाणी साचून राहते आणि तेच पाणी वायूला अडवते. खेड्यातल्या कमी पाण्याच्या भांड्यात हा बांध साधारण 20 मिलिमीटरचाच असतो. गाडी खड्ड्यांतून हेलकावली की तो हिंदकळून सांडतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की सुकून जातो. हात धुण्याच्या कुंडीखालची नळी आणि फरशीची मोरी यांचेही तसेच. गाडी जागेवर लागताच प्रत्येक ठिकाणी तांब्याभर पाणी ओता. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. काही गाड्यांत बाकाऐवजी झडप असते. तिच्या रबराला भेग पडली असेल तर रबर बदलावे.

दुसरी जागा छपरावर गेलेली वायुनळी. तिच्या तोंडात गांधीलमाशीचे घर होते, पालापाचोळा अडकतो. मग वायू कोंडतो आणि भांड्यातून वर येतो. नळी मोकळी करून तोंडाला जाळी बसवावी. आणखी एक गोम आहे, बरं का! खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा लावला आणि बाकातले पाणी सुकलेले असले, तर तो पंखाच टाकीतला वायू वर ओढून घेतो. पंखा चालू केल्यावर वास वाढला, तर दोष इथेच आहे असे समजा.

तिसरी जागा खालची निचऱ्याची झडप. तिच्यात खडा किंवा चिंधी अडकली की ती पुरती मिटत नाही आणि थेंब थेंब गळते. झडपेला झाकण असेल तर ते नेहमी लावावे. आणि टाकी भरण्याआधी झडप उघडी ठेवू नये. तशी ठेवली तर पाणी निघून जाते आणि घट्ट मैल्याचा ढीग मागे राहून वाळतो.

चौथी जागा टाकीचे सांधे. टाकी रिकामी करून धुतल्यावर तिच्यात कपड्याची नीळ घातलेले पाणी भरावे आणि तासाभराने खाली, बाजूंना निळा ओघळ दिसतो का पाहावे. वरच्या जोडांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे फुगले तर तिथून वायू सुटतो आहे. पण शोधासाठी काडी किंवा उदबत्ती मुळीच पेटवू नये. टाकीतला मिथेन पेट घेतो.

आता धुण्याविषयी. मैला उपसणारी गाडी आणून टाकी रिकामी करावी आणि तो माल मैला शुद्धीकरणाच्या ठिकाणीच पोचवावा. कालवा, ओढा, तलाव यांत एक बादलीही जाता कामा नये. तेच पाणी पुढचे गाव पिते. नंतर टाकी एक तृतीयांश साध्या पाण्याने भरून गाडी थोडी चालवावी. पाणी आत आपटून भिंतींवरचे थर सुटतात. मग तेही पाणी त्याच ठिकाणी सोडावे. वापर सुरू करण्यापूर्वी तळाशी चार बोटे पाणी ठेवले, तर मैला बुडाला चिकटत नाही. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. काहीही झाले तरी टाकीत माणूस उतरवू नका आणि तिच्यात डोके घालू नका. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला, की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. माणसाला वाटते, धोका टळला. आणि तिथेच तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही आत जातो. साधने आणि खबरदारी यांवाचून गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. टाकी माणसाने नव्हे, यंत्राने उपसायची असते.

वारी सरली, की गाडी तशीच कोपऱ्यात ढकलू नका. टाकी धुऊन सुकवा, रबरांना सिलिकॉनचे वंगण लावा आणि नळ्यांच्या बाकांत पाणी भरून वर चमचाभर गोडेतेल सोडा. पाणी लवकर उडत नाही. शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या संडासातही पाण्याचा बांध आणि वायुनळी असतेच. सुट्टीनंतर शाळा उघडताच त्या दोन्ही गोष्टी मुलांना बाहेरून दाखवाव्यात आणि बांधात पाणी का ठेवायचे ते सांगावे. ज्या मुलाला हे कळले, ते घरी जाऊन फिनेल मागण्याआधी तांब्याभर पाणी ओतून पाहील.