दिव्यांगांच्या हक्काची वाट ग्रामसभेतून

पलूस : मंत्रालयात निघालेला आदेश आणि गावातील दिव्यांगाच्या हाती पडणारे साहाय्य यांच्या मध्ये ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद उभी असते. म्हणूनच दिव्यांगांच्या हक्कांचा प्रश्न हा सत्तेच्या विकेंद्रीकरणाचाही प्रश्न ठरतो.

पलूस परिसराला हा विचार नवा नाही. तालुक्यातील कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र होते. गावातले तंटे गावच्या न्यायमंडळांपुढे मिटवले जात. शेजारच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. ते मुख्यमंत्री असताना, १ मे १९६२ रोजी, राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला.

पुढे ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांत दिव्यांगांच्या कल्याणासह समाजकल्याणाचा समावेश झाला. नगरपालिकांच्या १८ विषयांतही दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा उल्लेख आहे. मात्र प्रत्यक्ष अधिकार व निधी किती द्यायचा, हे राज्याच्या विधिमंडळावर अवलंबून राहिले.

विधानसभेत हा विषय लावून धरणाऱ्यांत बच्चू कडू यांचे नाव ठळक आहे. २००४ ते २०२४ या काळात अचलपूरचे प्रतिनिधित्व करताना त्यांनी दिव्यांगांसाठी सभागृहात आणि रस्त्यावरही सातत्याने आवाज उठवला. राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग असावा, ही त्यांची मागणी २०२२ च्या अखेरीस मान्य झाली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. त्या जनगणनेत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार नोंदवले गेले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केल्याने प्रत्यक्षातील गरज अधिक व्यापक आहे.

विभाग मुंबईत झाला, तरी खर्चाचा एक महत्त्वाचा निर्णय गावातच होतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची आहे; पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. उदाहरणार्थ, एखाद्या ग्रामपंचायतीची स्वतःची वसुली वर्षाला १० लाख रुपये असेल, तर ५० हजार रुपये राखीव राहतात. गावात २५ दिव्यांग असल्यास वाट्याला सरासरी २ हजार रुपये येतात. वसुली घटली की हा वाटाही घटतो. ही रक्कम थोडी-थोडी वाटून टाकायची, की तीतून उतरता मार्ग, स्वच्छतागृह किंवा साहाय्यक साधने करायची, हा निर्णय मोलाचा ठरतो.

नेमक्या या निर्णयाच्या जागी दिव्यांग अभावानेच दिसतात. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत महिला, अनुसूचित जाती-जमाती व मागास प्रवर्गांसाठी राखीव जागा आहेत, दिव्यांगांसाठी नाहीत. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदादुरुस्ती करून दिव्यांगांना स्थानिक संस्थांवर नामनिर्देशित करण्याची तरतूद केली.

तोपर्यंत हाती असलेले साधन ग्रामसभा हेच आहे. कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तेथे दिव्यांग निधीचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. पण सभागृहाच्या पायऱ्याच चढता येत नसतील, तर तो हक्क दाराबाहेरच थांबतो. विकेंद्रीकरणाची पहिली कसोटी तिथेच लागते.