साहेबांना शंका येते तेव्हा

नोकरी बदलण्याचा विचार मनात येणे आणि राजीनामा देणे यांच्यामध्ये जो काळ जातो, तो कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो, कारण नवे काही हाती आलेले नसते आणि जुन्या ठिकाणचा विश्वास मात्र ढळू लागलेला असतो. अर्ध्या दिवसाच्या रजा वाढतात, फोन आला की माणूस उठून जिन्यात जातो, पुढच्या वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत एरवी हिरिरीने बोलणारा गप्प बसतो, आणि वरिष्ठाच्या मनात पाल चुकचुकते. “काय रे, बाहेर कुठे बघतोयस का?” हा प्रश्न मग केबिनचे दार लोटून विचारला जातो.

या प्रश्नामागे राग असतोच असे नाही. पुण्या-मुंबईच्या अनेक आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जितके दिवस काम करणे कराराने बंधनकारक असते तो काळ, ९० दिवसांचा असतो. तरीही जाणत्या माणसाची जागा तेवढ्यात भरून निघेलच याची खात्री नसते आणि ग्राहकाला उत्तर वरिष्ठालाच द्यावे लागते. मात्र शंकेची किंमत कर्मचाऱ्यालाच मोजावी लागते, कारण ती खरी ठरण्याआधीच महत्त्वाचे काम दुसऱ्याकडे सोपवले जाऊ शकते आणि अप्रेझलमध्ये, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात, हात आखडता घेतला जाऊ शकतो. कर्मचारी कपातीचा नुसता विचार चालू असताना कोणतीही कंपनी तो कर्मचाऱ्यांना सांगत नाही. तेव्हा कर्मचाऱ्यानेच आपला प्रत्येक विचार उघड करावा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

तथापि न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. “छे, सर, मी कुठेही जाणार नाही” असे छातीठोक सांगून पंधरवड्यात राजीनामा देणारा माणूस आपल्याच शब्दाची पत घालवतो, आणि तोच वरिष्ठ पुढे कधीतरी नव्या कंपनीच्या चौकशीला उत्तर देणारा असतो. “माझ्या हातात आज कुठलीही ऑफर नाही” हे विधान अक्षरशः खरे असले, तरी मुलाखती चालू असताना ते समोरच्याला चुकीच्या समजुतीत ठेवण्यासाठीच केलेले असते. म्हणून तेही टाळलेले बरे. त्याऐवजी नाराजीचे जे खरे कारण असेल ते बोलता येते: “सर, दोन वर्षं मी एकाच प्रकारचं काम करतोय, पुढे काय याचा विचार मनात येतो, पण हातातलं काम अर्धवट राहणार नाही, एवढं नक्की.” यात शोध चालू असल्याची कबुली नाही आणि असत्यही नाही; शिवाय वरिष्ठाला काही सुधारायचे असेल तर वाव राहतो. शंका निराधार असेल, तर मात्र आडपडदा न ठेवता तसे स्पष्ट सांगावे आणि रजेचे कारण सांगण्यासारखे असल्यास तेही सांगून टाकावे.

कोर्टात खेचण्याची भीती अनेकांना घातली जाते, म्हणून कायद्याची बाजू थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसाय किंवा धंदा करण्यास मज्जाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. त्यामुळे नोकरी संपल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये, ही अट सामान्यतः टिकत नाही. कराराची मुदत चालू असताना गोष्ट वेगळी असते. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायर कॉर्ड, म्हणजे टायरला बळकटी देणारा धागा, तयार करण्याच्या विभागातील एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला आणि परदेशी कंपनीकडून घेतलेल्या तंत्राचे प्रशिक्षण मिळाल्यावर तो १९६४ मध्ये कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. करारातील उरलेल्या काळापुरती त्याच्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम ठेवली. अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अटही त्याच न्यायालयाने वैध मानली. याचा अर्थ असा की कोणालाही मनाविरुद्ध नोकरीत डांबून ठेवता येत नाही, परंतु सही केलेल्या कागदाचा आणि कामात कळलेल्या गुपितांचा हिशेब मागितला जाऊ शकतो. नेमणूकपत्र पुन्हा काढून वाचण्याची योग्य वेळ ही शंकेचीच असते. याच काळात कंपनीच्या फायली स्वतःच्या ईमेलवर पाठवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण पुढे “नमुना म्हणून घेतल्या” हे स्पष्टीकरण कोणी मान्य करत नाही.

नव्या कंपनीचे तोंडी आश्वासन मिळताच राजीनामा देणे धोक्याचे आहे. पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख असलेले पत्र हाती आल्यावरच तो द्यावा, आणि त्याची बातमी सहकाऱ्यांच्या आधी वरिष्ठाला, समोरासमोर, कळावी. “मग त्या दिवशी का नाही बोललास?” असे त्याने विचारले, तर तेव्हा काहीच ठरलेले नव्हते, हे उत्तर पुरेसे आणि खरे असते. पगार वाढवून थांबवण्याचा प्रस्ताव आला, तर मूळ तक्रार पगाराची होती की कामाची, हे आधी तपासावे. कामाची तक्रार वाढीव रकमेने मिटत नाही. त्यानंतर राजीनामा स्वीकारल्याचा आणि कामाच्या शेवटच्या दिवसाचा लेखी उल्लेख ईमेलवर मिळवावा, कारण रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून रीतसर मुक्त केल्याचे पत्र, अडले तर हाच कागद उपयोगी पडतो.