दुचाकी ‘घसरली’ म्हणजे नेमके काय झाले?

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार-पाच ओळींची एक बातमी हमखास दिसू लागते. ‘दुचाकी घसरून तरुणाचा मृत्यू.’ आपण ती वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. पण त्या वाक्याकडे जरा थांबून पाहावे. घसरली दुचाकी, मरण पावला तरुण. ज्याच्यावर हे सारे घडले तो रस्ता या वाक्यात कुठेच नाही! पुढे कागदोपत्रीही ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’ एवढीच नोंद होते. ताबा का सुटला, हे विचारण्याची वेळ येण्यापूर्वीच प्रकरण मिटलेले असते.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी जवळजवळ ७५ हजार, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस माणसे दुचाकीवर होती. त्याच वर्षी खड्ड्यांच्या नावावर लागलेले मृत्यू होते १,८५६. दुसरा आकडा पहिल्यापुढे अगदीच लहान दिसतो. पण खड्ड्याच्या रकान्यात जागा मिळते ती फक्त खड्ड्याला. सांडलेली कच, रस्त्याच्या पातळीखाली गेलेले चेंबरचे झाकण, नव्या थराची उभी कड यांनी पाडलेली माणसे बहुधा ‘चालकाची चूक’ या सदरात जमा होतात.

मोटार आणि मोटारसायकल यांच्यातला मूळ फरक इथेच आहे. मोटारीचे एक चाक खड्ड्यात गेले तर उरलेली तीन तिला तोलून धरतात. आतल्या माणसाला हादरा बसतो, फार तर एखादा टायर जातो. दुचाकीचा तोल मात्र चालत्या चाकांवर आणि जमिनीच्या पकडीवर असतो. टायर रस्त्याला टेकतो ती जागा साधारण तळहाताएवढी. अशा दोन तळहातांवर नवरा, बायको, मधले मूल आणि हँडलला लटकवलेली भाजीची पिशवी असा सगळा संसार चाललेला असतो.

या पकडीचे शत्रू पुष्कळ. ठिगळ लावल्यावर मागे राहिलेली बारीक खडी चाकाखाली गोट्यांसारखी फिरते. सरळ जाताना ते जाणवत नाही. पण वळणावर गाडी कललेली असताना ब्रेक लावला की चाक निसटते. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा राडा होतो. पट्ट्यांचा रंग आणि लोखंडी झाकण ओले झाले की गुळगुळीत होतात. डांबराचा थर अर्ध्याच रस्त्यावर टाकून काम सोडले, तर मधोमध लांबच लांब कड तयार होते. ती तिरकी ओलांडू पाहणाऱ्याचे पुढचे चाक कडेला घासत जाते आणि हँडल हातात राहत नाही. १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचे आहे आणि ते उपयोगीही आहे. पण रस्त्याने न दिलेली पकड कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही.

गतिरोधकांचे तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चाक हळूच चढेल व हळूच उतरेल. आपल्या गल्लीतला पाहा! हातभर रुंदीचा, उंटाच्या पाठीसारखा आणि बिनरंगाचा. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला धरायला धड आधार नसतो. अंधारात गाडी उडते तेव्हा पहिली फेकली जाते ती तीच.

बँकेत असताना दुचाकीच्या कर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात. पगारपत्रक, जामीनदार, विमा असे सगळे आम्ही तपासत असू. तरी एखाद्या फायलीवर मुदतीआधीच ‘कर्जदार मयत’ असा शेरा पडे आणि काही दिवसांनी त्याची पत्नी कागद घेऊन समोर उभी राही. कसे झाले, असे विचारले की ती खाली बघून म्हणे, “गाडी घसरली, साहेब.” नवऱ्याच्या मरणाचा दोषही तिने त्याच्याच खात्यावर लिहून घेतलेला असे.

चांगले रस्ते आपल्याला बांधताच येत नाहीत असे नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने १९७६ च्या सुमारास बांधला, तोही दहा वर्षांची लेखी हमी देऊन. हमीची मुदत संपल्यावरही त्याने कित्येक पावसाळे सहज काढले. त्यात जादू नव्हती. डांबराचा खरा वैरी पाणी. ते भेगेतून आत शिरते, वाहनांच्या दाबाने खडी आणि डांबर यांची पकड सोडवते आणि खड्डा पडतो. पाया पक्का, उतार बरोबर आणि पाण्याला वाट असेल तर रस्ता टिकतो. टिकल्यावर तो पुन्हा पुन्हा कोणी उकरू नये, एवढेच.

कायदाही आता अगदी मुका राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ या कलमानुसार, रस्त्याचे बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि जखमींसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. सहा लाखांत माणूस परत येत नाही. पण रस्त्याचा दोष हिशेबात धरला गेला, हे महत्त्वाचे.

मात्र त्यासाठी पुरावा लागतो, आणि खड्डा हा फार लवकर नाहीसा होणारा पुरावा आहे. अपघातानंतर दोन दिवसांत तिथे घाईघाईने मुरूम पडतो. म्हणून आपल्या ओळखीचे कोणी पडले, तर जखमीला दवाखान्यात पोहोचवल्यावर एकाने परत जागेवर जावे. शेजारी वही किंवा चप्पल ठेवून खड्ड्याचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकार कळतो. पंचनाम्यात रस्त्याची स्थिती लिहायला लावावी. आपल्या बाजूने हेल्मेट दोघांनीही घालावे, टायर गुळगुळीत होऊ देऊ नयेत आणि ब्रेक खड्ड्याच्या आधी लावावा, खड्ड्यात नव्हे.

मुंबईत २०१५ साली जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे दुचाकीवरचा सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्याचे भाजी विकणारे वडील पुढे शहरातले खड्डे स्वतःच्या हातांनी बुजवू लागले. त्यांचे कौतुक खूप झाले. पण पोर गमावलेल्या बापाला घमेले उचलावे लागते, ही कौतुकापेक्षा लाजेची गोष्ट आहे. आपल्याला तेवढे करावे लागणार नाही. पुढच्या वेळी कोणी ‘गाडी घसरली’ म्हणाले की एवढेच विचारायचे, “कशावरून?”