संशयित वस्तु आणि तिची पोलिसी परीक्षा

जुन्या दप्तराचा रुमाल हातीं आला कीं तो प्रथम सोडून पाहावयाचा, ही आम्हां संग्राहकांची संवय. प्रस्तुत लेखांत याच्या अगदीं उलट शिस्तीचा विचार करावयाचा आहे. बेवारस वस्तु आढळली असतां ती न उघडतां, किंबहुना तिला स्पर्शहि न करतां, पोलीस तिची परीक्षा कशी करतात, आणि बाँब ठेवल्याची धमकी आल्यास तिची छाननी कशी होते, हा आजचा विषय. तो या त्रैमासिकाच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा वाटेल; परंतु या शास्त्राच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध संशयित वस्तु ग्रंथच होती, म्हणून तेथूनच आरंभ करणें युक्त होय.

१९०८ सालीं कलकत्त्याचे मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट डग्लस किंग्जफर्ड यांजकडे एक पुडकें आलें. त्यांत हर्बर्ट ब्रूम याच्या इंग्रजी कायद्यावरील भाष्याची प्रत होती. पानांचा मधला भाग कापून पोकळी केली होती व तींत पिक्रिक आम्ल भरलेला कोकोचा डबा बसविला होता. ग्रंथ उघडतांच कमान सुटून स्फोट व्हावा, अशी हेमचंद्र कानुनगो यांची ही योजना. आपलें कोणी नेलेलें पुस्तक परत आलें असावें, अशा समजुतीनें किंग्जफर्ड यांनीं तें पुडकें न सोडतां ठेवून दिलें. बदली झाल्यावर तें त्यांच्या सामानाबरोबर मुझफ्फरपुरासहि गेलें, आणि १९०९ सालीं पोलिसांस बातमी लागल्यावर हुडकून निकामी करण्यांत आलें. न्यायाधीशाचे प्राण वांचले ते दक्षतेमुळें नव्हे, दिरंगाईमुळें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्याच मुझफ्फरपुरांत ३० एप्रिल १९०८ रोजीं किंग्जफर्ड यांची समजून दुसऱ्याच गाडीवर बाँब पडला व केनेडी नांवाच्या मायलेकी मेल्या. लागलीच ८ जून १९०८ रोजीं स्फोटक पदार्थांचा कायदा झाला. तो आजहि अंमलांत आहे. या प्रकरणाचा महाराष्ट्राशीं आलेला संबंध सर्वश्रुत आहे. लोकमान्य टिळकांवरील त्याच वर्षींच्या खटल्यांत, घराच्या झडतींत सांपडलेलें एक कार्ड पुराव्यांत आलें होतें. त्यावर स्फोटकांविषयींच्या दोन इंग्रजी ग्रंथांचीं नांवें होतीं. नव्या कायद्याची चर्चा करण्यासाठीं तीं टिपलीं होतीं, असा टिळकांचा खुलासा होता. एकाच कागदाचे संदर्भभेदानें दोन अर्थ कसे होतात, याचें हें उत्तम उदाहरण होय.

संशयित वस्तूच्या पद्धतशीर परीक्षेचा उगम मात्र याहून जुना आहे. फेब्रुवारी १८८४ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनांत सामानघरांत ठेवलेल्या बॅगेचा स्फोट झाला. मग इतर स्टेशनांवरील ठेवीचें सामान तपासतां चेअरिंग क्रॉस, पॅडिंग्टन व लडगेट हिल येथें तशाच बॅगा न फुटलेल्या मिळाल्या. आंत डायनामाइट, आणि तें उडविण्यासाठीं गजराच्या घड्याळाला जोडलेली पिस्तुलाची कळ होती. स्फोटक खात्याचे मुख्य निरीक्षक कर्नल व्हिव्हियन मॅजेंडी यांनीं अशीं यंत्रें तपासून त्यांचा उलगडा केला. १८७५ चा इंग्लंडमधील स्फोटक कायदा घडविण्यांतहि त्यांचाच हात होता.

आतां आजची रीति पाहूं. धमकी दूरध्वनीनें, पत्रानें वा ईमेलनें येते. तीवर पोलीस जी क्रिया करतात तिला आपल्या भाषेंत पाठचिकित्साच म्हणावें लागेल. बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसेच टिपावयाचे, त्यांत सुधारणा करावयाची नाहीं. वेळ, आवाजाची ढब, मागून येणारा गोंगाट हींहि नोंदवावयाचीं. बाँब कोठें आहे, केव्हां फुटणार, दिसतो कसा, हे प्रश्न विचारून बोलणें लांबवावयाचें. पत्र असल्यास तें अनेकांच्या हातीं न देतां लिफाफ्यासह जपावयाचें. ईमेल पुसून टाकावयाचा नाहीं. मग मजकुरांत ठराविक स्थळ, काळ व वस्तु यांचा निर्देश आहे काय, हें पाहून धमकी विशिष्ट कीं मोघम हें ठरतें. विमानतळांवर या निर्णयासाठीं स्वतंत्र समिति असते. ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर आपल्याच काळीं, ऑक्टोबर २०२४ मध्यें, भारतीय विमानांना शेंकडो धमक्या आल्या व त्या पोकळ ठरल्या. तथापि बहुतेक खोट्या म्हणून एखादी न पाहतां सोडणें पोलिसांस परवडत नाहीं. निनावी पत्रानें धाकदपटशा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ अन्वयें जादा शिक्षा आहे.

पुढील पायरी शोधाची. लोकांस बाहेर काढण्यापूर्वीं त्यांचा मार्ग व जमावयाची जागा तपासतात. कारण गर्दी नेमकी दुसऱ्या बाँबपाशीं नेली जाण्याचा धोका असतो. खोलींत शिरल्यावर प्रथम स्तब्ध उभें राहून कानोसा घेतात. मग जमिनीपासून कमरेपर्यंत, कमरेपासून डोक्यापर्यंत आणि तेथून छतापर्यंत अशा थरांनीं नजर फिरवितात. या कामीं त्या जागेचा नित्य माहीतगार सोबत लागतो. पोलिसांचा त्यास एकच प्रश्न असतो: "यांतलें तुमचें नसलेलें काय?"

वस्तु आढळल्यावर तिला हात लावावयाचा नाहीं, हलवावयाची नाहीं, तीवर पाणी वा वाळू टाकावयाची नाहीं. मोबाइल वा बिनतारी यंत्र तिच्याजवळ वापरावयाचें नाहीं. जागा ध्यानांत ठेवून मागें फिरावयाचें, भोंवतीं कडें करावयाचें व बाँबशोधक व नाशक पथकास बोलवावयाचें. पथकांतील श्वान वास घेतो. चिलखती पोशाख घातलेला एकच माणूस पुढें जातो. कारण प्राण धोक्यांत घालावयाचा तर तो एकाचाच. क्ष-किरणांनीं आंतील रचना दिसते. गळ व दोरीनें वस्तु दुरून ओढतां येते. कित्येकदां नळींतून पाण्याचा अतिवेगवान मारा करून, कळ चालण्यापूर्वींच तिचे भाग विस्कटून टाकतात. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेनें बनविलेला ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव अशाच कामांसाठीं आहे.

येथें लेखकानें आपला एक अपराध सांगणें इष्ट. शाळेवर असतां एक निनावी पत्र आलें व जिन्याखालीं कापडी पिशवी दिसली. मुलांच्या काळजीनें मीं ती स्वतः उचलून मैदानांत नेली. आंत जेवणाचा डबा निघाला. मागाहून आलेला फौजदार माझाच जुना विद्यार्थी, तो म्हणाला, "सर, डबा निघाला हें आपलें दैव. आपण जिन्यावरून उतरलांत तेव्हां वर दोन वर्ग होते." त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें १३ फेब्रुवारी २०१० रोजीं पुण्यांत जर्मन बेकरींत बेवारस पिशवीचा स्फोट होऊन १७ माणसें मेलीं, तेव्हां त्याचे शब्द पुन्हां आठवले.

आपल्या संग्रहांस यांतून दोन गोष्टी घेतां येतील. पहिली, आवक-नोंद. आलेलें प्रत्येक बाड, पेटी व पार्सल कोणाकडून आलें हें वहींत असेल, तर ‘आपलें नसलेलें’ तत्काळ ओळखतां येईल. यादी नसलेल्या संग्रहांत सर्वच वस्तु सारख्याच संशयित ठरतात. दुसरी, वाड्यांतून दप्तराबरोबर निघणारे बारुदाचे शिंगाडे व तोफेचे पोकळ गोळे. कोरडी बारूद पिढ्यान्‌पिढ्या आपला गुण टाकीत नाहीं, आणि पिक्रिक आम्ल धातूच्या सहवासानें अधिकच भयंकर होतें. अशी वस्तु मिळाल्यास तिचें वय पाहण्यापूर्वीं ११२ या क्रमांकावर कळवावें. जीर्णत्व हें प्रामाण्याचें लक्षण असूं शकेल, निर्धोकपणाचें नव्हे.